विल्यम केरी : मदनावतीच्या एकाकी घराची हकीकत



आपल्या मंडळ्यांतून दरसाल कोणी ना कोणी आपले गाव सोडून परगावी जातो. कोणा उपदेशकाची दुसऱ्या ठिकाणी नेमणूक होते, कोणी शाळेवर लागतो, कोणी पोटापाण्यासाठी कारखान्यावर किंवा शहरात जातो, आणि मुली तर लग्न होऊन जातातच. सामान उतरते, चूल मांडली जाते, दोन दिवस शेजारी डोकावून जातात. आणि मग एके सायंकाळी दिवा लावताना ध्यानात येते की, ह्या सबंध गावात आपणांस नावाने हाक मारणारे एकही माणूस नाही. उपासनेस गेले तर लोक बसावयास जागा देतात, परंतु उपासना संपल्यावर जो तो आपल्या वाटेने निघून जातो. हे दुःख असे आहे की ते कोणास सांगण्याचीही लाज वाटते. कारण कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही, मग तक्रार तरी कशाची करावी?

म्हणून ह्या वेळी आम्ही अशाच एका परक्या घराची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. विल्यम केरी हे नाव आपणांपैकी पुष्कळांनी ऐकले आहे. पवित्र शास्त्राची अनेक भाषांत भाषांतरे करणारे, बंगालमध्ये छापखाना व विद्यालय उभारणारे थोर पुरुष म्हणून आपण त्यांस ओळखतो. परंतु हे सर्व होण्यापूर्वी सहा वर्षे अशी गेली की, त्या मुलखात त्यांची किंमत जाणणारे माणूस विरळा होते. त्या वर्षांविषयी, आणि त्याच घरात त्यांच्याहूनही अधिक एकट्या पडलेल्या एका व्यक्तीविषयी, आम्ही लिहीत आहोत.

इंग्लंडात नॉर्थहॅम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी नावाचे खेडे आहे. तेथे १७ ऑगस्ट १७६१ रोजी केरी ह्यांचा जन्म झाला. वडील एडमंड हे विणकर असून पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. विल्यमच्या अंगास ऊन सोसत नसे, म्हणून शेतावरचे काम सोडून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यास जोडे शिवण्याच्या धंद्यात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. आपल्याकडे ज्या धंद्यास लोक शतकानुशतके हलका लेखीत आले, त्याच धंद्यावर ह्या पुरुषाने आपले तरुणपण काढले. आरी आणि दोरा हाती असता शेजारी पुस्तक उघडे ठेवून ते लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू भाषा शिकले.

१७८१ साली त्यांचे लग्न डॉरथी प्लॅकेट ह्या बाईंशी झाले. बाई त्यांच्याहून वयाने काही वर्षांनी वडील होत्या. त्यांस लिहिता येत नव्हते. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सहीच्या जागी फुली केली. पहिली मुलगी तापाने गेली. त्याच तापात केरी स्वतःही मरता मरता वाचले व त्यांच्या डोक्यावरचे केस गळून गेले. पुढे आणखी एक मुलगी लहानपणीच वारली. दारिद्र्य तर पाठीशी होतेच. केरी शाळा चालवीत, जोडे शिवीत, आणि एका लहान मंडळीची पाळकी करीत. परंतु त्यांचे चित्त दूरच्या देशांकडे लागले होते. १७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंग गावी काही पाळकांनी मिळून मिशनरी सोसायटी स्थापिली, तेव्हा वर्गणी जमली ती तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स एवढीच. केरी ह्यांनी स्वतः हिंदुस्थानात जाण्याचे पत्करले. त्यांचे सोबती जॉन थॉमस हे डॉक्टर असून पूर्वी बंगालमध्ये राहून आलेले होते.

येथे आम्हांस एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. कारण जुन्या चरित्रांत ती पुष्कळदा झाकली गेली आहे. जाण्याचा निश्चय केरी ह्यांचा होता; डॉरथीबाईंचा नव्हता. त्या वेळी त्या गरोदर होत्या. त्यांनी जाण्यास साफ नकार दिला. तेव्हा केरी थोरला मुलगा फेलिक्स ह्यास घेऊन एकटेच निघाले. परंतु ज्या जहाजातून जावयाचे होते त्यावर त्यांस राहू दिले नाही, आणि दुसरे जहाज मिळेपर्यंत काही आठवडे गेले. एवढ्यात बाई बाळंत झाल्या. केरी व थॉमस पुन्हा घरी आले. बाईंनी पुन्हा नकारच दिला. मग थॉमस एकटे परत जाऊन त्यांच्याशी बोलले. कुटुंबाची फाटाफूट होईल आणि जन्मभर पश्चात्ताप करावा लागेल, अशी भीती त्यांनी घातली. तेव्हा धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तरच येईन, अशी अट घालून बाई तयार झाल्या. थोडक्या वेळात घरातले सामान विकून, जे नेता येईल ते बांधून, महिनाभराचे तान्हे मूल जेबेझ मांडीवर घेऊन त्या निघाल्या. १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजाने डोव्हर बंदर सोडले, आणि पाच महिन्यांनी, नोव्हेंबराच्या ११ तारखेस, हे कुटुंब कलकत्त्यास पोहोचले.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांस परवाना मिळत नसे, म्हणून उजळ माथ्याने वावरण्याचीही सोय नव्हती. जवळचा पैसा थॉमस ह्यांच्या हाती होता. ते मनाने दयाळू असले तरी व्यवहारात अगदीच बेहिशेबी होते, आणि थोड्याच दिवसांत तो पैसा संपला. केरी ह्यांचे कुटुंब एका जागेहून दुसऱ्या जागी फिरू लागले. शहराबाहेर एका सावकाराच्या बागेतील लहानशा घरात ते काही दिवस राहिले. डॉरथीबाई व फेलिक्स हगवणीने अंथरुणास खिळली. मुलूख नवा, हवा नवी, अन्न नवे, भाषा कळत नाही, आणि हाती पैसा नाही. एके दिवशी केरी उन्हातून चालत एका इंग्रज पाळकाच्या घरी मदतीची वाट विचारण्यास गेले. थॉमस ह्यांच्याशी त्या पाळकाचे पूर्वी वाकडे आलेले होते. त्याने केरी ह्यांस पाणीही विचारले नाही. त्या दिवसांतील रोजनिशीत केरी ह्यांनी आपल्या एकटेपणाची नोंद केली आहे. मन मोकळे करावयास कोणी मित्र नाही, आणि भोवती आजारी व असमाधानी कुटुंब आहे, असा तिचा सारांश आहे.

१७९४ च्या फेब्रुवारीत ते सर्वांना होडीत घालून सुंदरबनाकडे देवहाटा येथे निघाले. तेथे जंगल तोडून शेती करण्यास जमीन मिळेल असे त्यांच्या कानी आले होते. होडी पोहोचली तेव्हा शिदोरीत जेमतेम एका जेवणापुरते अन्न उरले होते. तोच काठावर एक इंग्रज गृहस्थ बंदूक व कुत्रा घेऊन फिरताना दिसला. त्याचे नाव चार्ल्स शॉर्ट. तो कंपनीच्या मिठाच्या खात्यात कामास होता. ह्या माणसाची आणि केरी ह्यांची मुळीच ओळख नव्हती. धर्माच्या बाबतीत तर तो केरी ह्यांच्या मताचा नव्हताच. ख्रिस्ती मतांवर त्याचा विश्वास नव्हता. परंतु त्याने त्या सबंध परिवारास आपल्या घरी नेले, आणि हवे तितके दिवस राहण्यास सांगितले. पाळकाच्या दारी पाणी मिळाले नाही, आणि विश्वास न ठेवणाऱ्याच्या घरी आसरा मिळाला. वाचकहो, परक्यास ओळखण्याची देणगी केवळ आपल्याच लोकांस दिलेली आहे असा गर्व आपण करू नये, म्हणून ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली आहे.

पुढे ह्याच शॉर्टसाहेबांशी किटीचे लग्न झाले. ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु डॉरथीबाईंच्या बाजूने पाहिले तर काय झाले? जिच्या सोबतीच्या अटीवर त्यांनी देश सोडला होता, ती बहीण देवहाट्यास राहिली, आणि त्या तेथून पुढे गेल्या. आपल्या लहानपणाच्या गावाविषयी, आईविषयी, वारलेल्या मुलींविषयी जिच्याशी बोलता येईल अशी दुसरी स्त्री त्यांस त्या देशात उरली नाही.

मालद्यास कंपनीचे जॉर्ज उडनी नावाचे अधिकारी होते. त्यांचे थॉमस ह्यांच्याशी पूर्वी बिनसले होते. उडनी ह्यांचा भाऊ व भावजय नदीत बुडून मरण पावली तेव्हा थॉमस ह्यांनी सांत्वनाचे पत्र लिहिले, आणि त्या एका पत्राने तुटलेला स्नेह पुन्हा जुळला. उडनी ह्यांनी आपल्या दोन निळीच्या कारखान्यांवर थॉमस व केरी ह्यांस नेमले. केरी ह्यांच्या वाट्यास मदनावती आले. पगार दरमहा २०० रुपये ठरला. १७९४ च्या जूनमध्ये, तीन आठवड्यांचा नदीप्रवास करून, ते तेथे पोहोचले. थॉमस ह्यांचा कारखाना तेथून काही कोसांवर होता. रोजची भेट होणे शक्य नव्हते.

आता पोटाची चिंता मिटली होती. निळीचे काम पावसाळ्यात तीन-चार महिने फार असे. बाकीचे वर्ष भाषा शिकण्यास व खेड्यांतून फिरण्यास मोकळे मिळे. परंतु जागा दलदलीची होती. त्याच वर्षी केरी तापाने फार आजारी पडले. ते उठून बसतात न बसतात तोच पाच वर्षांचा पीटर हगवणीने आजारी पडला, आणि ऑक्टोबरात वारला. मुलांमध्ये हा मोठा चलाख होता, आणि बंगाली बोलावयास लागला होता.

ह्यानंतर जे घडले ते वाचताना आमचे मन आजही जड होते. मुलाची पेटी करण्यास, खड्डा खणण्यास, प्रेत उचलण्यास कोणी पुढे येईना. कारण परजातीच्या प्रेतास हात लावला तर जात जाईल ही भीती होती. बाप स्वतः तापाने इतका अशक्त झालेला की त्यास कुदळ उचलणे कठीण. शेवटी चार मुसलमान गृहस्थांनी खड्डा खणला. त्याबद्दल गावच्या मुख्याने त्यांस वाळीत टाकण्याचा घाट घातला, आणि तो मोडून काढण्यास केरी ह्यांस त्या दुःखातही खटपट करावी लागली. ज्यांस अंत्यविधीच्या प्रसंगी वाळीत पडण्याचा अनुभव आहे, त्यांस आम्ही ह्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. त्या चौघांची नावे कोणी लिहून ठेवली असतील तर ती आमच्या वाचनात आली नाहीत. परंतु परक्याच्या मुलास माती देणारे ते हात आम्ही विसरणार नाही.

ह्या सर्व काळात इंग्लंडाहून पत्र नव्हते. देश सोडल्यास दीड वर्षाहून अधिक काळ लोटला, तरी सोसायटीकडून किंवा मित्रांकडून एक ओळही हाती पडली नाही. दोष कोणाचाच नव्हता; जहाजे सावकाश चालत, युद्ध सुरू होते, आणि टपाल महिनोन् महिने अडकून पडे. परंतु वाट पाहणाऱ्याच्या मनास जहाजांचा हिशेब कळत नाही. आपण विसरलो गेलो, हाच विचार त्यास येतो. केरी ह्यांनी आपणांस पगार मिळत असल्याचे सोसायटीस कळविले, आणि आपल्यासाठी पैसे पाठवू नयेत, ते दुसऱ्या कामास लावावेत, असे लिहिले. त्यावर पुढे जे उत्तर आले त्यात आनंदापेक्षा काळजी अधिक होती. मिशनऱ्याने व्यापारात गुंतून आपले खरे काम विसरू नये, असा इशारा त्यात होता. जो मनुष्य आपल्या पगाराचा मोठा भाग भाषांतराच्या कामी घालीत होता, त्यास हे शब्द किती लागले असतील!

तरीही केरी ह्यांनी एक गोष्ट सोडली नाही. आपणांस कोणी ओळखत नाही म्हणून ते दार लावून बसले नाहीत. आपणच लोकांस ओळखावे, असे त्यांनी ठरविले. रामराम बसू नावाच्या मुनशीजवळ बसून ते बंगाली शिकले. संस्कृतास हात घातला. भोवतालची खेडी पायी फिरले. लोक काय पेरतात, काय खातात, कोणत्या झाडास काय म्हणतात, हे विचारीत राहिले. बागेत झाडे लावली. नव्या कराराचे बंगाली भाषांतर करीत राहिले. १७९८ साली एक लाकडी छापयंत्र मदनावतीस आले, तेव्हा ते पाहावयास जमलेल्या लोकांनी ती साहेबांची मूर्तीच आहे असे ठरविले. सहा वर्षांत त्या मुलखातील एकाही मनुष्याने बाप्तिस्मा घेतला नाही. इंग्लंडात त्यांची एक बहीण मेरी पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली होती. तिची वाचाही बहुतेक गेली होती. ती मोठ्या कष्टाने अक्षरे काढून त्यांस पत्रे लिही. जगाने न पाहिलेली ती एक बाई ह्या न पाहिलेल्या मनुष्याची आठवण रोज करीत होती.

केरी ह्यांस भाषा होती, पुस्तके होती, झाडे होती, काम होते. डॉरथीबाईंस काय होते? वाचता येत नसलेल्या बाईस पुस्तकांचा उपयोग नाही. गावच्या बायकांशी बोलावे तर बोली येत नाही. बहीण दूर राहिली. मुलगा मातीत गेला. नवरा दिवसभर कारखान्यावर किंवा खेड्यांत, आणि रात्री मुनशीबरोबर भाषांतरास बसलेला. १७९५ च्या सुमारास त्यांच्या मनाचा तोल गेला. नवरा आपल्याशी बेइमान आहे, असा खोटा भ्रम त्यांस जडला. त्या त्यांच्यामागे रस्त्याने ओरडत जात, आणि त्यांच्या जिवासही धोका उत्पन्न होई. १७९६ च्या आरंभी जोनाथन नावाचा मुलगा झाला, तरी दुखणे हटले नाही. पुढे त्यांस खोलीत बंद ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शेजारच्या खोलीत आक्रोश चालू असता केरी भाषांतराचे कागद तपाशीत बसत. त्यांनी पत्नीस टाकून दिले नाही. शेवटपर्यंत घरातच ठेवून सांभाळले.

हे दुखणे एकटेपणानेच झाले असे आम्ही म्हणत नाही. मनाचे रोग अनेक कारणांनी होतात. परंतु एवढे खचित म्हणतो की, ते पाप नव्हते, भूतबाधा नव्हती, विश्वासाची उणीवही नव्हती. तो आजार होता. त्या काळी त्यावर औषध नव्हते. आज आहे. आपल्या वस्तीत कोणास असे दुखणे झाले तर त्यास कोंडू नये, लपवू नये. तापकऱ्यास नेतो तसे डॉक्टरकडे न्यावे. कित्येक जुन्या चरित्रकारांनी डॉरथीबाईंस थोर पुरुषाच्या वाटेतील धोंड ठरविले. १९९२ साली जेम्स बेक ह्यांनी त्यांचे स्वतंत्र चरित्र लिहिले, तोपर्यंत त्यांच्या बाजूने ही हकीकत पाहणारे फार थोडे होते. मेल्यावरही जवळजवळ दोनशे वर्षे त्या बाईकडे कोणी नीट पाहिले नाही.

केरी ह्यांचे एकटेपण कसे संपले ते आता पाहू. १७९९ च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन, विल्यम वॉर्ड वगैरे मंडळी इंग्लंडाहून आली, आणि कलकत्त्याजवळ हुगळीकाठी सेरामपूर ह्या डॅनिश ठाण्यात उतरली. वॉर्ड हे छापखान्याचे जाणकार होते. केरी इंग्लंड सोडण्यापूर्वी त्यांची ह्या तरुणाशी ओझरती भेट झाली होती, आणि पुढे छापणाऱ्याची गरज पडेल असे केरी त्यास बोलले होते. ते एक वाक्य वॉर्ड ह्यांनी सहा वर्षे मनात जपून ठेविले होते. १० जानेवारी १८०० रोजी केरी सहकुटुंब सेरामपुरास राहावयास आले.

तेथे सर्व कुटुंबांनी एक मोठे घर घेतले. पंगत एक, पैशाची थैली एक, काम वाटून घेतलेले. दर शनिवारी सायंकाळी एकत्र बसून आठवड्यात कोणाचे मन कोणाविषयी दुखावले असेल तर ते बोलून मिटवावे, असा नियम त्यांनी केला. हॅना मार्शमन ह्या बाईंच्या ध्यानात आले की, केरी ह्यांची मुले आईच्या दुखण्यामुळे व बापाच्या कामामुळे वाऱ्यावर सुटल्यासारखी झाली आहेत. त्यांनी व वॉर्ड ह्यांनी त्या मुलांस जवळ घेतले, शिस्त लावली, माया दिली. वाचकहो, थोर कामांच्या यादीत ही गोष्ट सहसा येत नाही. परंतु आमच्या मते सेरामपूरच्या कामाचा पाया तेथे घातला गेला.

त्याच वर्षाअखेर कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. थॉमस ह्यांनी तो बसविला, आणि त्या ओळखीतून पुढे २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल ह्यांनी हुगळी नदीत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी थोडे दिवस त्यांनी मिशनऱ्यांच्या पंगतीस बसून भोजन केले, तेव्हा गाव खवळून उठले. कृष्ण पाल ह्यांनी गाव बदलले नव्हते, घरही बदलले नव्हते. परंतु एका जेवणाने ते आपल्याच गल्लीत परके झाले. ह्या जातीचे एकटेपण आपल्या वाडवडिलांनी ओळखले आहे. कृष्ण पाल ह्यांस ते सोसवले, कारण त्या पंगतीत त्यांच्यासाठी जागा होती.

त्यानंतरची कहाणी सर्वांस माहीत आहे, म्हणून आम्ही ती थोडक्यात सांगतो. १८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला, आणि केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले. तेथे त्यांनी मराठीही शिकविली. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नाही. त्यांस मराठी दिली ती नागपूरकडील वैजनाथ पंडित ह्यांनी, जे स्वतः कलकत्त्यात परके होते. दोन परक्यांनी एका मेजावर बसून १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मोडी टाइपात कोश, आणि १८११ साली मराठी नवा करार सिद्ध केला. रामराम बसूंनी बंगालीत लिहिलेले राजा प्रतापादित्याचे चरित्रही वैजनाथांनी पुढे मराठीत आणले. त्या मराठीत नागपूरकडचे वळण असल्यामुळे इकडील वाचकांस ती खटके. परंतु छापील मराठी ग्रंथांच्या आरंभी ही दोन घर सोडलेली माणसे उभी आहेत, हे आपण ध्यानात ठेवावे.

१८०७ च्या डिसेंबरात डॉरथीबाई तापाने वारल्या. त्यांनी बंगालमध्ये चौदा वर्षे काढली, त्यांतील बारा आजारात. केरी पुढे आणखी सव्वीस वर्षे जगले. इंग्लंडास ते कधीही परत गेले नाहीत. कधी काळी इंग्लंडाहून त्यांस बियांची पिशवी आली. ती झटकली त्या जागी थोड्या दिवसांनी एक लहानसे रोप उगवले. पाहतात तो आपल्या गावच्या कुरणात उगवणारे साधे डेझीचे फूल. ते फूल पाहून त्या म्हाताऱ्या पुरुषास लहान मुलासारखा हर्ष झाला. सुमारे तीस वर्षांत त्याने ते पाहिले नव्हते. वरून कामात बुडालेल्या मनुष्याच्या आतही गावाची भूक किती वर्षे जिवंत राहते, हे ह्यावरून दिसते. ९ जून १८३४ रोजी सेरामपूर येथे केरी ह्यांचे देहावसान झाले.

शेवटी एक गोष्ट स्वतःविषयी सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. आम्हांस प्रथम पाळक म्हणून एका दूरच्या गावी नेमले, तेव्हा दिवसभर आम्ही वस्त्यांतून फिरत असू, आणि रात्री कोणी आपणांस विचारीत नाही म्हणून कुरकुर करीत असू. आमच्या घरी एक माणूस दिवसेंदिवस कमी बोलू लागले आहे, हे आमच्या ध्यानात येण्यास सहा महिने लागले. ते प्रथम ध्यानात आले ते आमच्या नव्हे, तर शेजारच्या एका म्हाताऱ्या आजीबाईंच्या. त्या रोज दुपारी ताक घेऊन येत, उंबरठ्यावर बसत, आणि आमच्या कुटुंबाकडून माहेरच्या गोष्टी ऐकत. त्यांनी बोध केला नाही, प्रार्थनेचे पाल्हाळ लावले नाही. त्या ताकाने आमचे घर वाचविले, असे आम्ही आजही मानतो. मदनावतीस अशी आजी नव्हती.

म्हणून, जो परगावी एकटा पडला असेल त्यास आमचे सांगणे एवढेच की, आपणांस कोणी पाहत नाही असे वाटेल त्या दिवशी आधी आपल्याच घरात पाहावे. तेथे आपल्याहून एकटे कोणी असेल. आणि ज्यांची घरे गावात पिढ्यान् पिढ्या आहेत त्यांस विनंती ही की, येत्या रविवारी मंडळीत नवे कुटुंब दिसले तर घरधन्याशी हात मिळवून थांबू नका. त्यांच्या घरी जा. दाराआड जी उभी असेल तिचे नाव विचारा, आणि दुसऱ्या दिवशी त्या नावाने तिला हाक मारा. असे करण्यास प्रभू आपणां सर्वांस साह्य करो.